वाळूच्या थरातली त्सुनामी: किनाऱ्याखालचा गाळ कसा वाचतात

मुंबईच्या अपोलो बंदरावर समुद्राची पातळी १८७८ पासून यंत्राने नोंदली जाते. जगातल्या जुन्या नोंदींपैकी ही एक. तरीही त्सुनामीच्या हिशेबात दीडशे वर्षं फार थोडी पडतात. समुद्रतळाचा एक भूपट्ट दुसऱ्याखाली घुसतो तिथे मोठ्या भूकंपाएवढा ताण साठायला कित्येक शतकं लागतात. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राच्या उत्तर टोकापासून अंदमानपर्यंतचा पट्टा एका झटक्यात सरकला, ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली. त्याआधी तिथे एवढं काही होऊ शकेल असं फारसं कोणी धरलं नव्हतं, कारण लिखित इतिहासात तसा दाखला नव्हता. जमिनीत मात्र होता. नंतरच्या काही वर्षांत थायलंडच्या फ्रा थोंग बेटावर भूवैज्ञानिकांनी खणलं, तेव्हा २००४ च्या वाळूखाली काळा मातकट थर आणि त्याखाली तशाच वाळूचा आणखी एक थर निघाला, साधारण साडेपाचशे ते सातशे वर्षांपूर्वीचा. सुमात्राच्या उत्तरेकडच्या आचे प्रांतात मेउलाबोहजवळही इ.स. १२९० ते १४०० च्या दरम्यानचा थर सापडला.

पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, इथवर लाट येणार नाही. पण दिवेआगर, श्रीवर्धन, हर्णे, केळशी, गुहागर इथे घर, प्लॉट किंवा होमस्टे असणाऱ्यांत पुणेकर कमी नाहीत. आणि अरबी समुद्राला त्सुनामी अजिबात नवी नाही. पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगत मक्रानचा पट्टा आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तिथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच्या लाटा काही तासांनी मुंबईपर्यंत पोचल्या, पाणी सुमारे दोन मीटर चढलं आणि माणसं वाहून गेली, अशी नोंद आहे. यापूर्वी असं किती वेळा झालं आणि यापेक्षा मोठं कधी झालं का, हे विचारायचं तर चिखलालाच विचारावं लागतं.

लाट वाळू कशी टाकते

वाऱ्याने उठणाऱ्या लाटा दहा-पंधरा सेकंदांच्या अंतराने येतात. त्सुनामीच्या दोन लाटांमधलं अंतर दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत असतं. त्यामुळे पाणी एकदा जमिनीवर चढू लागलं की कित्येक मिनिटं आत शिरतच राहतं. चार हजार मीटर खोल समुद्रात ही लाट ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने जाते, दहा मीटर खोलीत तिचा वेग ताशी ३५-३६ किलोमीटरवर येतो. पुढचं पाणी अडखळतं, मागचं त्यावर चढतं, उंची वाढते. हे पाणी उथळ तळ, पुळण आणि वाळूच्या टेकड्या खरवडत आत येतं.

आत आल्यावर काय होतं, ते साध्या गणिताने कळतं. पाव मिलिमीटरचा वाळूचा कण पाण्यात सेकंदाला साधारण ३ सेंटिमीटर खाली बसतो. पाणी ३ मीटर खोल असेल तर वरचा कण तळाला टेकायला १०० सेकंद लागतील. तेवढ्यात सेकंदाला ५ मीटर वेगाने वाहणारं पाणी त्याला ५०० मीटर आत नेतं. ०.१ मिलिमीटरचा कण सेकंदाला जेमतेम ०.८ सेंटिमीटर बसतो. तो त्याच पाण्यात जवळजवळ दोन किलोमीटर जाईल. म्हणून त्सुनामीचा थर समुद्रापासून आत जावं तसा पातळ होतो आणि त्याची वाळूही बारीक होत जाते. एकाच जागी उभा छेद घेतला तर जाड कण खाली आणि बारीक वर दिसतात. तांब्यातल्या पाण्यात मूठभर माती ढवळून ठेवली की तळाला खडे आणि वर गाळ बसतो, तसंच. पाणी थांबून परत फिरण्यापूर्वी सगळ्यात वर चिखलाचा एक पातळ पापुद्रा बसतो. दुसरी लाट आली की हाच क्रम पुन्हा.

थराचा तळ बघण्यासारखा असतो. खालच्या काळ्या चिखलावर वाळू हळूहळू सुरू होत नाही, सुरीने कापल्यासारखी रेघ असते. बऱ्याचदा त्या वाळूत खालच्याच चिखलाचे सुपारीएवढे तुकडे अडकलेले दिसतात. पाण्याने जमीन उखडली आणि तुकडे विरघळायच्या आत वाळूत गाडले गेले, एवढ्या घाईने हे झालं. वादळाच्या वाळूत असे तुकडे क्वचितच दिसतात.

कुठे खणायचं

पुळणीवर खणून उपयोग नाही. तिथली वाळू दर पावसाळ्यात हलते. थर टिकतो तो जिथे एरवी फक्त चिखल किंवा कुजका पालापाचोळा शांतपणे साठतो अशा सखल जागी: दोन जुन्या वाळूपट्ट्यांमधली दलदल, बंद पडत आलेली खाडी, किनाऱ्यामागचं तळं. कधी गुहासुद्धा. आचेच्या किनाऱ्यावरच्या एका गुहेत सुमारे ७४०० ते २९०० वर्षांपूर्वीच्या काळातल्या निदान ११ त्सुनामींची वाळू एकावर एक साठलेली सापडली. दोन वाळूंच्या मध्ये वटवाघळांच्या विष्ठेचा काळा थर असल्यामुळे प्रत्येक थर वेगळा ओळखता आला.

कोकणात जागा निवडणं जास्त कठीण आहे. दिवेआगर किंवा गुहागरसारख्या गावात पुळणीमागच्या वाळूच्या पट्ट्यावर नारळी-पोफळीच्या वाड्या असतात. ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या खणलेली, आळी केलेली, पाट काढलेली. तिथला थर खरा मानता येत नाही. वाडीच्या मागे, डोंगर सुरू होण्याआधी, जो सखल पाणथळ पट्टा असतो तो कामाचा. पण तिथेही भाताची नांगरट वरचा वीस-पंचवीस सेंटिमीटरचा भाग कालवून टाकते. खारभूमीचे बांध, कोळंबीची तळी आणि रस्त्याचा भराव यांनी वरचा भाग कुठून आणला गेला हे सांगणंच अवघड होतं. म्हणून भोक पाडण्याआधी गावातल्या वयस्कर माणसांना विचारायचं: इथे कधी भराव टाकला, बांध कधी फुटला, विहीर खणताना काळ्या मातीत वाळू लागली होती का? विहिरीचा हा प्रश्न उपग्रहाच्या चित्रांपेक्षा जास्त माहिती देतो.

कांदळवनात आणखी एक अडचण. खेकडे आणि मुळं सतत चिखल वर-खाली करतात. पाच सेंटिमीटरचा थर काही दशकांत विस्कटून नुसता 'वाळूमिश्रित चिखल' उरू शकतो. शिवाय तिथे वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी लागते, ती आधी काढायची.

कोअर काढताना

कोअर म्हणजे गाळाचा अखंड उभा नमुना. तो काढायचं काम डिसेंबर ते मे या काळात करावं. भूजल खाली गेलेलं असतं आणि ओहोटीच्या वेळा पाहून दिवस आखता येतो. सगळ्यात साधं साधन म्हणजे गाउज ऑगर: एक मीटर लांबीचं, अर्धं उघडं स्टीलचं नळकांडं आणि त्याला जोडायच्या दांड्या. ते सरळ खाली दाबायचं, अर्धा फेरा फिरवायचा, हळू ओढून काढायचं. उघड्या बाजूचा गाळ सुरीने साफ करताना सुरी आडवी चालवायची. उभी चालवली तर वरची वाळू खालच्या चिखलावर माखली जाते आणि नसलेला थर दिसू लागतो.

दुसरी फसगत भोकातच होते. एक मीटर काढून त्याच भोकात पुढचा मीटर घ्यायला ऑगर घातला की वरून पडलेला गाळ आधी आत शिरतो. त्यामुळे प्रत्येक खेपेचे वरचे काही सेंटिमीटर संशयास्पद. त्यावर उपाय सोपा आहे: फूटभर अंतरावर दुसरं भोक पाडायचं आणि दोन्हींतली खोली वीस-तीस सेंटिमीटर एकमेकांवर येईल अशी ठेवायची. भूजलाखालची ओली वाळू तर ऑगरमधून गळूनच जाते. चिखल वर आला, मधली वाळू गेली, आणि वहीत लिहिलं 'थर नाही', असं होऊ शकतं. अशा जागी पीव्हीसी पाइप ठोकून किंवा कंपन यंत्राने कोअर काढतात. पाइप ठोकताना गाळ दबतो, म्हणून पाइपच्या आत आणि बाहेर गाळाची पातळी मोजून किती दाब बसला ते लिहून ठेवायचं. हा आकडा विसरला तर खोलीचा सगळा हिशेब चुकतो.

एका भोकावरून काहीच सिद्ध होत नाही. किनाऱ्याला काटकोनात रांग धरून दर २५ ते ५० मीटरवर भोक, मग तशीच दुसरी समांतर रांग. प्रत्येक जागेची उंची आरटीके जीपीएसने (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस) किंवा ऑटो लेव्हलने (उंची मोजायची दुर्बीण) मोजून ती स्थानिक भरतीच्या पातळीशी जोडायची. हे मोजमाप कंटाळवाणं आहे आणि घाईत हेच राहून जातं. पण उंचीशिवाय मिळालेला सुंदर कोअर धोका मोजायला कामाचा नाही.

कोअर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, 'वर' कुठली बाजू ते दोन ठिकाणी लिहून, चार अंश सेल्सियसला ठेवतात. नाहीतर बुरशी धरते आणि कालमापन बिघडतं.

त्सुनामी की वादळ?

सगळा वाद इथेच होतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळासारखी वादळंही वाळू आत फेकतात. ढोबळ फरक असे. वादळात हजारो लाटा तासन्‌तास आदळतात, म्हणून वाळूत खूप बारीक पट्ट्या दिसतात, थर किनाऱ्याजवळ जाड असतो आणि बहुधा काही शे मीटरवर संपतो. त्सुनामीत मोजक्या लाटा, थर एकसारखा पसरलेला, बऱ्याचदा २५ सेंटिमीटरपेक्षा पातळ, पण दूरवर गेलेला. मात्र यातलं एकही लक्षण एकट्याने निकाल देत नाही. कोकणातले समुद्रकिनारे दोन डोंगरांच्या मधले आखूड आहेत आणि मागची सखल जमीन थोडीच आहे. त्यामुळे 'थर दोन किलोमीटर आत गेला का' ही कसोटी इथे बहुतेकदा लावताच येत नाही.

जड खनिजांबद्दलही सावध राहावं. कित्येक देशांत त्सुनामीच्या थराच्या तळाशी काळी जड वाळू मिळते आणि तिला पुरावा मानतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची काळी वाळू साध्या लाटाही वेगळी करून ठेवतात. तिथे काळी रेघ दिसली म्हणून त्सुनामी म्हणणं उतावीळपणाचं आहे.

सगळ्यात भरवशाचा साक्षीदार सूक्ष्म जीव आहेत. डायटम ही एकपेशीय शैवालं, त्यांचं कवच सिलिकाचं. गोड्या पाण्यातले, खाडीतले आणि समुद्रातले डायटम वेगवेगळे असतात. दलदलीच्या चिखलात सगळे गोड्या पाण्याचे आणि मधल्या वाळूत अचानक समुद्राचे, खाडीचे आणि गोड्या पाण्याचे एकत्र, त्यात कवचं मोडलेली, असं दिसलं तर पाणी समुद्राकडून आलं आणि वाटेत सगळं उचलत आलं हे कळतं. नमुना हायड्रोजन पेरॉक्साइडने उकळून सेंद्रिय भाग काढायचा आणि स्लाइडवर किमान तीनशे कवचं मोजायची. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर वर्षानुवर्षं काम होतं आहे, ही ओळखपरेड इथेच शिकता येण्यासारखी आहे. फोरॅमिनिफेरा हे कवच असलेले एकपेशीय जीव दुसरे साक्षीदार. त्यांच्यासाठी गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतात. त्यांचं कवच बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचं असतं आणि कांदळवनाचा आम्लधर्मी चिखल ते विरघळवून टाकतो. ते सापडले तर पुरावा, सापडले नाहीत तर निष्कर्ष काढायचा नाही. मिठाचंही तसंच: क्लोराइडवरून समुद्राचं पाणी ओळखता येतं खरं, पण कोकणच्या पावसात ते लवकर धुऊन जातं.

वय काढणं

एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूचं वय किरणोत्सारी कार्बन-१४ वरून काढतात. त्यासाठी वाळूतलं लाकूड किंवा शिंपला घेऊ नये. ते लाटेने कुठून तरी जुनंच उचलून आणलेलं असतं. शिंपल्यात तर समुद्राच्या जुन्या कार्बनमुळे साधारण ४०० वर्षं जास्त दिसतात आणि ती दुरुस्ती जागेप्रमाणे बदलते. वाळूच्या लगेच खालच्या चिखलातलं पान, बी, नाजूक काडी घ्यायची, आणि लगेच वरच्या चिखलातलीही. घटना या दोन वयांच्या मधली. इ.स. १६५० नंतरच्या काळात वातावरणातल्या कार्बनच्या चढउतारामुळे एकाच मोजणीला अनेक वर्षं जुळतात, तेव्हा ही पद्धत फार काही सांगत नाही. गेल्या शतकासाठी गाळातली किरणोत्सारी द्रव्यं, म्हणजे शिसं-२१० आणि १९६३ च्या अणुचाचण्यांच्या सुमाराला शिखर गाठणारं सिझियम-१३७ वापरतात. १९४५ चा थर शोधायचा असेल तर तो सिझियमच्या शिखराच्या थोडा खाली असायला हवा.

दुसरी पद्धत ल्युमिनेसन्सची. क्वार्ट्‌झचा कण शेवटचा उजेडात कधी होता, हे ती सांगते. नमुना अपारदर्शक नळीत, अंधारात घ्यावा लागतो. अडचण सह्याद्रीच्या दगडाची आहे. बेसाल्टमध्ये क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतं, त्यामुळे उत्तर कोकणच्या वाळूत ते कमी मिळतं. सिंधुदुर्गाकडे ग्रॅनाइट आणि जुने वालुकाश्म असल्याने परिस्थिती बरी. फेल्डस्पार हे दुसरं खनिज वापरता येतं, पण त्याचा साठलेला संकेत काळाबरोबर गळत जातो आणि वय कमी दिसतं. शिवाय लाट रात्री आली किंवा पाणी गढूळ असलं तर कणांना पुरेसा उजेडच मिळत नाही आणि वय जास्त दिसतं.

लिखित नोंद आणि चिखल एकत्र आले की मात्र तारीखसुद्धा सांगता येते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर ब्रायन अ‍ॅटवॉटर या भूवैज्ञानिकाने १९८७ मध्ये खचून गाडल्या गेलेल्या दलदली आणि त्यांवरची वाळू दाखवली. मेलेल्या झाडांच्या खोडातल्या वलयांवरून १६९९-१७०० चा हिवाळा निघाला. जपानमध्ये भूकंप न जाणवता आलेल्या एका त्सुनामीच्या नोंदीवरून दिवस ठरला: २६ जानेवारी १७००.

आपल्याकडे असा जोड केळशीत लागू शकतो. भारजा नदीच्या मुखाशी सुमारे १८ मीटर उंचीची वाळूची टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिचा अभ्यास करून त्सुनामीचा मुद्दा मांडला. सप्टेंबर १५२४ मध्ये वास्को द गामाचा तांडा दाभोळजवळ असताना वारा नसताही समुद्र खवळला, जहाजं हादरली, असं पोर्तुगीज इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. केळशीच्या वाळूतल्या थराचा या घटनेशी संबंध जोडणारं संशोधन पुढे प्रसिद्ध झालं. पण एवढी उंच टेकडी वाऱ्यानेही वाढत असते. तिच्यात लाटेचा भाग कुठला आणि वाऱ्याचा कुठला, हे वेगळं करणं हाच इथला कळीचा प्रश्न. आमच्या मते त्याचं उत्तर टेकडीपेक्षा तिच्या मागच्या सखल चिखलात शोधावं.

थरावरून धोका

जपानच्या सेंदाई मैदानात इ.स. ८६९ च्या जोगान त्सुनामीची वाळू १९९० च्या दशकापासून सापडत होती. ती तेव्हाच्या किनाऱ्यापासून तीन-चार किलोमीटर आत गेलेली होती. वाळू संपते तिथे पाणी संपलं असं धरून भूकंपाची तीव्रता ८.४ च्या आसपास काढली गेली. २००९ मध्ये भूवैज्ञानिक युकिनोबू ओकामुरा यांनी हा पुरावा अणुऊर्जा सुरक्षेच्या सरकारी समितीपुढे मांडला, फुकुशिमा केंद्राने तो विचारात घ्यावा म्हणून. केंद्राचा आराखडा ५.७ मीटर लाटेसाठी होता. ११ मार्च २०११ ला १४-१५ मीटर पाणी आलं.

त्या दिवशी मोजणीचाही एक धडा मिळाला. सेंदाईत पाणी साडेचार-पाच किलोमीटर आत गेलं, डोळ्यांना दिसेल असा वाळूचा थर मात्र तीनेक किलोमीटरवर संपला. पुढे होता तो फक्त चिखल, जो काही वर्षांत ओळखूही येत नाही. म्हणजे जुना थर सांगतो तो पुराचा किमान आकडा. हा धडा लावून जोगानचा भूकंप पुन्हा तपासला, तेव्हा तीव्रता निदान ८.६ निघाली.

किती वर्षांनी? समजा एखाद्या किनाऱ्यावर सरासरी ५०० वर्षांनी एक मोठी त्सुनामी येते. मग पुढच्या ५० वर्षांत ती येण्याची शक्यता साधारण साडेनऊ टक्के. पण हे गणित घटना विखुरलेल्या आणि स्वतंत्र आहेत असं धरतं. आचेच्या गुहेत एकदा दोन हजारांहून जास्त वर्षं काहीच नव्हतं आणि एकदा शंभर वर्षांत अनेक त्सुनामी आल्या. त्यामुळे 'मागची पाचशे वर्षांपूर्वी आली, आता वेळ झाली' किंवा 'नुकतीच येऊन गेली, आता चिंता नाही', दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेतलं त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून चालू आहे. भूकंप झाल्यावर लाट कधी पोचेल हे ते सांगतं. पाणी आत कुठवर जाईल हे मात्र गणिती मॉडेल सांगतं, आणि ते पडताळायला जुन्या थरांशिवाय दुसरं काही नाही. कोकणासाठी करायचं काम यातूनच ठरतं. केळशी, तिच्या उत्तरेची एक खाडी आणि दक्षिणेच्या दोन, अशा चार ठिकाणी एकाच काळाचा थर मिळाला तर तो मोठ्या त्सुनामीचा. एकाच खाडीत मिळाला तर तिथल्या वादळाचा संशय आधी घ्यायचा. ताज्या वादळांची वाळू कुठवर गेली हेही आत्ताच, पुढच्या नांगरटीच्या आत, मोजून ठेवायला हवं, नाहीतर तुलनेला काही उरणार नाही. आणि नकाशावर स्थलांतराची रेषा काढताना थर जिथे संपला तिथे न थांबता त्याच्या पलीकडे, चढ सुरू होतो तिथपर्यंत जायचं. वाडीच्या मागचा सखल पट्टा त्या रेषेच्या आत धोक्याच्याच बाजूला येतो, जरी समुद्र तिथून दिसत नसला तरी.